पाचवा फाउल

चाळिशी उलटल्यावर मी बास्केटबॉल खेळायला लागले, ते शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईमुळे. सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत बायकांची एक टीम होती आणि त्यांना खेळाडू कमी पडत होत्या. एका सकाळी तिने मला लिफ्टमध्ये गाठलं, पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि हिंदीत सांगितलं की तू उंच आहेस, शनिवारी खाली ये. माझ्या उंचीचा तोवर एकच उपयोग झाला होता, माळ्यावरचे डबे काढायला. कुणीतरी त्या उंचीची दखल घेतली याचंच मला इतकं बरं वाटलं, की मी हो म्हणून बसले.

मी पुण्याची. शाळेत पीटीच्या तासाला कडेला सावलीत बसून गप्पा मारणाऱ्यांपैकी. त्यामुळे खेळातलं काही येत नव्हतं. बॉल हातात आला की पळत सुटावं असं वाटायचं, आणि तसं चालत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. बॉल जमिनीवर आपटत न्यायचा. थांबलो की पुन्हा आपटायचा नाही. समोरचीच्या हातातून घ्यायचा तर बॉलला हात लावायचा, तिच्या हाताला नाही. हे शेवटचं मला जमेना. मी हात घालायची, तो नेमका तिच्या मनगटावर पडायचा, मी ‘सॉरी’ म्हणायची आणि त्याच वेळी शिट्टी वाजायची.

आम्हाला शिकवायला अक्का यायच्या. साठीला टेकलेल्या, बारीक केस कापलेल्या, पायात झिजलेले पांढरे बूट. तरुणपणी त्या भरपूर खेळलेल्या होत्या. राहायच्या येलहंक्याला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, पण त्यांची मुलगी आमच्याच सोसायटीत होती, म्हणून शनिवार-रविवार इकडे मुक्काम असायचा. त्यांचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्यांपूर्वी या शहरात येऊन राहिलेलं. त्यांच्या मराठीचे शब्द आपले आणि चाल कन्नड. मला त्या म्हणायच्या, “तुझे हात स्वल्प घाई करतात गं. पाय आधी यायला पाहिजेत, सरी?” मी पण ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणायची आणि पुढच्या मिनिटाला कुणाच्या तरी मनगटावर हात मारायची. एका मॅचमध्ये एकीचे पाच फाउल झाले की ती बाहेर, आणि त्या मॅचपुरती परत आत येऊ शकत नाही. सरावाच्या मॅचमध्येसुद्धा मी अर्ध्यातच पाच गाठायची.

त्याच सुमाराला सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. अमरावतीला सासरे गेले, त्यानंतर काही महिने त्या तिथेच एकट्या राहिल्या. मग माझा नवरा जाऊन त्यांना घेऊन आला. त्या शांत होत्या. वेळेवर जेवायच्या, भाजी निवडायच्या, मला ऑफिसचा कॉल असला की पाय न वाजवता चालायच्या. सासऱ्यांबद्दल मात्र एक शब्द काढायच्या नाहीत. आमच्यापैकी कुणी विषय काढलाच, तर गॅस बंद आहे का ते बघायला उठून जायच्या. नवऱ्याने दोन-तीनदा प्रयत्न केला आणि मग सोडून दिलं. सोसायटीत त्यांच्या वयाच्या बायका होत्या, पण कुणी कन्नड बोलणाऱ्या, कुणी तेलुगू. सासूबाईंचं हिंदी बरं होतं, तरी त्या खाली जायला तयार नसायच्या. बाल्कनीत खुर्ची टाकून बसायच्या. तिथून खालचं बास्केटबॉल कोर्ट सरळ दिसायचं.

एका शनिवारी मी खेळून, घामाने भिजून वर आले, तर त्या दारातच उभ्या होत्या.

“शिट्टी वाजते तेव्हा दर वेळी तूच काहून हात वर करून राहिली?”

मी सांगितलं की फाउल झाला की ज्याचा झाला त्याने हात वर करायचा असतो, आणि तो बहुतेक माझाच होतो.

“फाउल म्हणजे बॉल रेषेच्या बाहेर गेला?”

नाही, म्हटलं, फाउल म्हणजे दुसरीला धक्का लागला. बॉल बाहेर जाणं वेगळं. त्यांना ते पटल्यासारखं दिसलं नाही. पाणी देता देता त्या सहज बोलाव्यात तसं बोलल्या, की आमच्या खेळात फाउल म्हणजे रेषेबाहेर गेलेला बॉल.

“तुमच्या खेळात?”

“सॉफ्टबॉल. कॉलेजात होते ना मी. कॅचर होते.”

त्या रात्रीच्या जेवणाला भात तसाच निवत राहिला. माझ्या नवऱ्याला हे माहीतच नव्हतं. आपली आई चेहऱ्यावर जाळीचा मास्क आणि अंगावर पॅड बांधून बॅटरच्या मागे उकिडवी बसायची, हे तो पहिल्यांदा ऐकत होता. त्याने परत परत विचारलं, आणि त्यांनी दर वेळी नुसतं “होते” म्हटलं. मग त्याने खेळ समजावून सांगायला सांगितला, तेव्हा त्यांनी टेबलावर चार रिकाम्या वाट्या चौकोनात मांडल्या. ही घरची वाटी, इथे बॅटर. या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसच्या. घरच्या वाटीपासून दोन्हीकडे बोटाने रेषा ओढल्या. या दोन रेषांच्या मध्ये बॉल मारला तर पळायचं. बाहेर गेला तर फाउल.

नवरा क्रिकेटवाला. त्याने विचारलं की फाउल झाला म्हणजे आउट का. त्या म्हणाल्या, नाही. तीन स्ट्राइक झाले की आउट. पहिले दोन फाउल स्ट्राइक म्हणून धरतात. पण दोन स्ट्राइक झाल्यानंतर बॅट फिरवून कितीही फाउल मारले तरी आउट देत नाहीत. बॅटर तिथेच उभी. एक मुलगी होती अकोल्याची, ती असे फाउलवर फाउल मारत राहायची आणि बॉल टाकणारी रडकुंडीला यायची.

“मग तिला आउट करायचं कसं?” मी विचारलं.

“उडालेला फाउल झेलायचा,” त्या म्हणाल्या. “वर गेला की मास्क काढायचा आणि लांब फेकायचा. जवळ टाकला तर पळताना त्याच्यावरच पाय पडते. मग वर बघत पळायचं.” बोलता बोलता त्यांनी मान वर केली होती. आम्ही दोघांनीही पंख्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर खाली आल्या. कोर्टाच्या कडेच्या सिमेंटच्या पायरीवर पदर सावरून बसल्या. अक्कांनी मराठी ऐकलं आणि लगेच जवळ येऊन “या अम्मा, बसा” म्हटलं. अर्ध्या तासातच त्या दोघींचा वाद जुंपला. बॉल कडेच्या रेषेवर टप्पा घेऊन गेला होता आणि अक्कांनी तो बाहेर दिला होता.

सासूबाई म्हणाल्या, “रेषेवर पडला म्हणजे आतच ना?”

“नाही अम्मा. आमच्यात रेष म्हणजे बाहेर.”

“आमच्यात रेष आतली.”

अक्का हसल्या. त्यांनी सासूबाईंना हात धरून उठवलं, रेषेपाशी नेलं आणि पाय ठेवून दाखवलं. बॉल हातात असताना टाच रेषेला लागली तरी बाहेर. सासूबाईंनी स्वतःची चप्पल रेषेजवळ नेली, मागे घेतली, परत नेली. मग त्यांनी विचारलं की बॉल रेषेच्या वर हवेत असेल तर काय. अक्कांनी सांगितलं, हवेत असेल तोवर चालतो, जमिनीला लागला की गेला. त्यानंतर दर शनिवारी-रविवारी प्रश्न ठरलेले. सरावानंतर दोघी चहा घेत बसायच्या आणि आम्ही बाकीच्या निघून गेलो तरी त्यांचं चाललेलं असायचं.

पावसाळा संपल्यावर आजूबाजूच्या सोसायट्यांनी मिळून बायकांची स्पर्धा भरवायचं ठरवलं. मॅचला टेबलावर बसून स्कोअर आणि फाउल धरणारं माणूस लागतं. कॉलेजच्या मुलींना बसवलं तर त्या मोबाईल बघतात, अशी अक्कांची तक्रार होती. त्यांनी सासूबाईंना विचारलं. सासूबाई नाही म्हणाल्या. मला इथली भाषा येत नाही, पंच काय बोलेल ते मला कसं कळणार, असं त्यांचं म्हणणं. अक्का म्हणाल्या की पंच बोलतच नाही. तो टेबलासमोर येतो आणि बोटांनी दाखवतो. आधी खेळाडूचा नंबर, मग काय केलं ते, मग पुढे काय द्यायचं ते. हाताला हात लागला असेल तर स्वतःच्या मनगटावर मारून दाखवतो. ढकललं असेल तर ढकलल्यासारखं करतो. मग ते सगळं त्यांनी करून दाखवलं, आणि सासूबाई लहान मुलीसारख्या बघत राहिल्या.

घरी त्यांचा सराव सुरू झाला. माझा नवरा हॉलच्या त्या टोकाला उभा राहून पंच व्हायचा. एक मूठ, म्हणजे दहा, आणि दुसऱ्या हाताची चार बोटं. स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई कणकेचे हात तसेच धरून ओरडायच्या, “चौदा! ढकललं!” त्याने एकदा मुद्दाम चुकीचं काहीतरी दाखवलं तर त्या म्हणाल्या, असं काही नसतेच, नीट दाखव. तो ऑफिसातून आला की आता थेट हॉलमध्येच उभा राहायचा. आई आणि मुलगा इतका वेळ एकमेकांकडे बघत आहेत हे मी त्या घरात आधी कधी पाहिलं नव्हतं.

स्पर्धेचा शेवटचा सामना रविवारी सकाळी आमच्याच कोर्टावर होता. टेबलावर सासूबाई, त्यांच्या शेजारी समोरच्या टीमची एक बाई. पुढ्यात फाउल दाखवायच्या पाट्या, एक ते चार काळ्या आकड्यांच्या आणि पाचची लाल. सासूबाईंनी निळी सुती साडी नेसली होती, वेणी घट्ट घातली होती आणि चष्मा दोरीने गळ्यात अडकवला होता. त्या माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा नाहीत. मला वाटलं घाबरल्या असतील.

मॅच अटीतटीची झाली. मी नेहमीसारखीच खेळले, म्हणजे तिसरा डाव संपेपर्यंत माझे चार फाउल झाले. दर वेळी सासूबाईंनी पाटी वर केली, एक, दोन, तीन, चार. चौथ्यानंतर अक्कांनी मला बाहेर बसवलं. पण शेवटच्या डावात आमच्या एकीचा पाय मुरगळला आणि मला परत आत पाठवण्याशिवाय त्यांच्याकडे इलाज नव्हता. जाताना त्यांनी माझे दोन्ही हात धरून वर केले. “हे खाली आणू नको. हात वर ठेवून नुसतं उभी राहा. कोणी फाउल म्हणत नाही त्याला.”

मी बराच वेळ तशी उभी राहिले. आम्ही एका पॉइंटने पुढे होतो, मॅच संपत आली होती. समोरून त्यांची लांब वेणीवाली, फार चपळ मुलगी बॉल टाकायला उडी घेत माझ्या अंगावर आली, आणि माझा हात आपोआप खाली गेला. बॉल माझ्या मधल्या बोटावर आदळला आणि माझा पंजा तिच्या मनगटावर. शिट्टी वाजली. मी हात वर केला. बोटातून कळ गेली होती, पण तेव्हा ती नीट जाणवलीही नाही.

पंच टेबलाकडे गेला. एक मूठ, दोन बोटं. बारा नंबर, मी.

आमची शेजारीण टीमची कॅप्टन होती. ती पळत टेबलापाशी गेली आणि हिंदीत हळू आवाजात म्हणाली, “आंटीजी, चारच झालेत ना हिचे?” तिच्या बोलण्यात लबाडी नव्हती, नुसती आशा होती. समोरच्या टीमची बाई नेमकी मागे वळून कुणाशी तरी बोलत होती. कोर्टावर सगळ्या थांबल्या होत्या. मी सासूबाईंकडे बघत होते आणि त्या माझ्याकडे. त्यांचा हात पाट्यांवर होता आणि तो उचलत नव्हता. मला खरंच क्षणभर वाटलं की त्या चारची पाटी परत दाखवतील.

मग त्या उभ्या राहिल्या, लाल पाटी वर केली आणि स्पष्ट मराठीत म्हणाल्या, “पाच.”

मी बाहेर येऊन बसले. वेणीवालीला एकेका पॉइंटचे दोन फ्री थ्रो मिळाले, तिने दोन्ही टाकले, आणि आम्ही एका पॉइंटने हरलो.

हरल्यावर कुणी काही वाकडं बोललं नाही. शेजारीण फक्त म्हणाली की घरचंच माणूस टेबलावर असून काय उपयोग, आणि हसली, पण ते मला लागलं. सासूबाईंनी पाट्या गोळा केल्या, पुसल्या, पिशवीत ठेवल्या. लिफ्टमध्ये आम्ही तिघंही आकड्यांकडे बघत उभे राहिलो.

घरात आल्यावर नवरा चहा टाकायला गेला. मी सोफ्यावर बसले तेव्हा कुठे बोट बघितलं. ते सुजून टम्म झालं होतं. सासूबाईंनी फ्रीजमधून बर्फ काढला, रुमालात गुंडाळला आणि माझ्या शेजारी बसून माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला. एकेक पेर दाबून बघितलं.

“वाकव. अजून. मोडलं नाही. मुका मार आहे.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “आई, निदान जरा अडखळायचं तरी.”

“अडखळले ना,” त्या म्हणाल्या. “तू पाहिलं. हात उचलत नव्हता माझा. पण मग मला वाटलं, मी आज खोटी पाटी उचलली तर ते शिट्टीवालं पोरगं सगळ्यांसमोर एवढं मन लावून मनगटावर मारून दाखवते, त्याचा काय उपयोग? आणि मला परत तिथं बसताच आलं नसतं. मला बसायचं आहे गं तिथं.”

त्या बर्फ फिरवत राहिल्या. आणि मग माझ्या बोटाकडे बघता बघता त्यांना हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला.

“त्यांचं अस्संच झालं होतं,” त्या म्हणाल्या.

लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. माहेरून आणलेल्या ट्रंकेत साड्यांच्या खाली त्यांनी आपला सॉफ्टबॉल ठेवला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना तो सापडला. त्यांनी विचारलं, सासूबाईंनी सांगितलं. तर दुपारी घरातली मंडळी झोपल्यावर ते यांना घेऊन मागच्या अंगणात गेले, पेरूच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, टाक. यांनी हळू टाकला. ते म्हणाले, असा नाही, मॅचमध्ये टाकायचीस तसा. यांनी सांगितलं की हातात ग्लव्ह नाही, लागेल. ते म्हणाले, मी काय लहान आहे का?

“मग मी टाकला,” सासूबाई म्हणाल्या. “दुसऱ्या बेसला टाकतात तसा, जोरात.”

बॉल सासऱ्यांनी झेलला. सोडला नाही, हे त्या दोनदा म्हणाल्या. पण बोट हे एवढं सुजलं. संध्याकाळी त्यांच्या आईने विचारलं तर ते म्हणाले, कपाटाच्या दारात सापडलं. यांचं नाव येऊ दिलं नाही. पुढे ते बोट शेवटपर्यंत पुरतं वाकलं नाही. पेन धरतानासुद्धा सरळच राहायचं.

नवरा चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. तो म्हणाला, “बाबांचं ते बोट? मला तर कपाटाचं दारच सांगितलं होतं.”

“सगळ्यांना तेच सांगत होते. मला मात्र जेवायला बसले की ते बोट दाखवत, कुणाचं लक्ष नाही असं पाहून.” त्यांनी आपलं मधलं बोट जरासं उचलून दाखवलं, आणि ते तसंच धरून त्या रडायला लागल्या. नवऱ्याने ट्रे खाली ठेवला आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. माझा बर्फाचा हात त्यांच्या मांडीवर तसाच होता. गॅस बघायला त्या उठल्या नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले, चहा गार झाला म्हणून मुलाला रागावल्या आणि मग त्या पेरूच्या झाडाबद्दल, त्या घराबद्दल, त्या माणसाबद्दल बोलत राहिल्या. आम्ही दुपारचं जेवण उशिरा जेवलो.

पुढच्या शनिवारी शेजारणीने सासूबाईंसाठी गादीची खुर्ची खाली आणून ठेवली होती. टेबलावर यापुढे आंटीजीच, असं तिने सगळ्यांना सांगितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली की हिचे हात आधी बांधून ठेवा. माझं बोट बरं व्हायला वेळ लागला. तोवर मी सासूबाईंच्या शेजारी बसायची. अजून मी मॅचला तीन-चार फाउल करतेच, पण पाच क्वचित.

मध्यंतरी होसकोट्याला शाळेच्या मुलींच्या मॅचेस होत्या. अक्का सासूबाईंना टेबलावर बसवायला आपल्या गाडीतून घेऊन गेल्या. संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा नाक उन्हाने लाल झालेलं आणि पिशवीत कुठल्याशा टपरीवरची ताटलीएवढी तट्टे इडली आमच्यासाठी बांधून आणलेली. कोण जिंकलं हे त्यांना मी विचारेपर्यंत आठवलं नाही. एका बारक्या मुलीला पाचवा फाउल दाखवावा लागला आणि ती ओठ दाबून बाहेर गेली, ते मात्र त्यांनी सविस्तर सांगितलं. मॅच संपल्यावर त्यांनी तिला शोधून काढलं होतं. काय बोललात, विचारलं, तर म्हणाल्या, काही नाही, तिला कन्नडच येते, मी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि संत्रं दिलं.

काल अमरावतीहून त्यांच्या बहिणीचा फोन आला होता. मी शेजारच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले होते. बहीण बहुधा रविवारी निवांत बोलू म्हणत असावी.

“रविवारी नको बाई,” सासूबाई म्हणाल्या. “रविवारी मी टेबलावर असते. सोमवारी कर.”